दुसऱ्यांदा दाबू नका

तीन दिवस झाले, त्या कंप्युटरला कुणी बंद केलं नव्हतं. बंद करायचंच नव्हतं. एकदा बंद झाला असता तर पुन्हा सुरू झाला नसता आणि एक्केचाळीस गावांतल्या आंधळ्या-अधू माणसांची यादी त्याच्याबरोबर गेली असती.

परभणीत स्टेशन रोडला बन्सीधर सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. गेल्या साली सरांनी सहा टाइपरायटर कोपऱ्यात सारले, एक कंप्युटर आणून बसवला आणि पाटीवर ‘संगणक केंद्र’ असं रंगवून घेतलं. सरांना स्वतःला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. कळत होतं ते रुख्मिणीला. वालूरच्या धनगराची पोर, बारावी झालेली, नवरा रेल्वेत खलाशी. बोटं अशी चालायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. सर मात्र गिऱ्हाइकापुढं म्हणायचे, “मीच शिकवलंय हिला.” शिकवलं म्हणे! स्वतःला माऊस कुठल्या अंगानं धरायचा ते ठाऊक नव्हतं.

पेडगावच्या भगवानरावांनी ऑक्टोबरात डोळ्यांचं शिबिर भरवलं होतं. पुण्याचे डॉक्टर गावोगाव फिरले. कुणाचा कोणता डोळा कापायचा, कुणाची साखर वाढलीय म्हणून यंदा कापायचा नाही, सगळं एकेका फॉर्मवर लिहिलं आणि ते फॉर्म कंप्युटरात भरायला सरांकडं आले. ऑपरेशनं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. रुख्मिणीनं चाळीस गावं भरली. शेवटचं वालूर तेवढं सुमनबाई नावाच्या दुसऱ्या बाईनं भरलं, कारण तेव्हा रुख्मिणी तापानं पडली होती. वालूरच्या यादीत तिची आई होती, कासाबाई. पण आईनं सांगूनच टाकलं होतं, “डावा डोळा कापायला धरलाय माझा.” मग वेगळं उघडून बघायचं कशाला?

पुढं दिवाळी आली. सरांच्या बायकोनं, कमलबाईंनी, इन्स्टिट्यूट झाडायला घेतली आणि फॉर्मचे गठ्ठे बघून म्हणाल्या, “कंप्युटरात बसलंय नं सगळं? मग ही अडगळ कामून?” सगळं रद्दीत गेलं. कळलं कधी, तर सरांनी चौकातून भजी आणली आणि पुड्याच्या कागदावर चुडाव्याच्या कुणा तानुबाईचा उजवा डोळा निघाला तेव्हा! भजी तशीच राहिली. सर रद्दीवाल्याकडं पळाले, पण तोवर फॉर्म अर्ध्या परभणीत पोचले होते.

एवढ्यावर भागलं असतं तर काय. डिसेंबरात एका सकाळी मशीन उठेना. पाच वेळा बटण दाबलं, पाच वेळा काळा पडदा आणि आतून खरखर. सहाव्यांदा कसंबसं उठलं. औरंगाबादच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं, “डिस्क जायला आलीय. चालू आहे तोवर चालू आहे. मी गुरुवारी येतो, तोवर दिवसरात्र बंद करू नका. आणि आधी यादी फ्लॉपीत उतरवून घ्या.” छापून घ्यावी तर प्रिंटर त्याच्याकडंच दुरुस्तीला गेलेला. फ्लॉप्या परभणीत नव्हत्या. त्या नांदेडहून एसटीच्या ड्रायव्हरनं आणून द्यायला मंगळवार उजाडला. लाईट जायची तेव्हा मंडपवाल्याचं जनरेटर दारात धडधडायचं. सरांनी तीन दिवसांत दाढी केली नव्हती.

पुन्हा तपासणी करावी, तर तेही नव्हतं जमणारं. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा संक्रांतीच्या आगेमागे होणार अशी कुजबुज जो तो करत होता. अठ्ठ्याहत्तर साली रस्ते कसे बंद पडले, कुणाची घरं कशी जळाली, ते कुणी विसरलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी कळवून टाकलं होतं, दहा तारखेच्या आत जे होईल ते होईल, नाहीतर पुढच्या साली.

पुढचं साल! रुख्मिणीला तो शब्दच नको झाला होता. आईचा भाऊ मल्हारी आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा आणि कासाबाई एकटी चार शेरडांसंगं घरी. उन्हाळ्यात चुलीतली लाकडं सारताना पदर पेटला तेव्हा तिला तो दिसला नाही, कातडीला चटका बसला तेव्हा कळलं. कोपरापासून मनगटापर्यंत अजून लाल चट्टा होता. पुढच्या साली काय पेटेल ते कोण सांगणार?

त्या मंगळवारी कासाबाई सकाळच्या गाडीनं परभणीला आली होती. ऑपरेशनची तारीख सांगणारी चिठ्ठी तिला हवी होती. ती टाइपरायटरांपाशी भुईवर बसली, काठी आडवी ठेवून, आणि लेकीच्या बोटांचा आवाज ऐकत राहिली.

यादी एका मोठ्या फायलीत होती आणि ती सगळीच्या सगळी फ्लॉपीत मावत नव्हती. म्हणून पडद्यावरच्या विंडोजच्या खिडक्यांतून एकेक गाव सुटं काढायचं, फ्लॉपीत घालायचं, उघडून बघायचं आणि कागदावर खूण करायची. गावं इंग्रजी अक्षरांच्या ओळीनं होती, चुडावा वरती, पेडगाव मधे, वालूर अगदी शेवटी. नऊ गावं झाली. दहाव्याला नवी फ्लॉपी घातली आणि ती गर्रर करून थांबली. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ जिथल्या तिथं. माऊस हलवला, बाण हलेना. कळा दाबल्या, काही नाही. चित्र जसंच्या तसं, जणू कुणी काचेवर चिकटवलंय.

रुख्मिणीनं दोन्ही हात मागं घेतले.

“काय झालं?” सर उठून आले. “अडकलं? मग त्यात काय! बंद कर, चालू कर. शेतातल्या मोटारीला आपण तेच करतो का न्हाई?” आणि त्यांचा हात सरळ मोठ्या बटणाकडं गेला.

“सर!” ती एवढ्यानं ओरडली की रस्त्यावरचा पानवाला डोकावला. “हात लावू नका! बंद झालं की गेलं! इंजिनिअर काय म्हणाला ते इसरलात का?”

सरांचा हात हवेत राहिला. त्यांनी तो हळूहळू खिशात घातला. “मग काय करायचं बाई?” आवाज एकदम बारीक झाला होता.

“ह्याला हात लावायचा न्हाई अन् कुणाला लावू बी द्यायचा न्हाई. मी फोन करून येते. माय, तू इथंच बैस. सर बटणाजवळ गेले तर काठी घाल मधे.”

“घालते की,” कासाबाई म्हणाली. तिनं खरंच काठी आडवी केली आणि सर मुकाट्यानं स्टुलावर जाऊन बसले.

पीसीओ रस्त्यापलीकडं होता. आत एक माणूस सोयरिकीचं बोलत होता, बोलतच होता. रुख्मिणीनं काच ठोकली. तिच्याकडं बघून त्यानं फोन ठेवून दिला. चेहरा तसाच झाला असेल तिचा. इंजिनिअर सापडला हे नशीब.

“घाबरू नका,” तो म्हणाला. दुसऱ्याच्या घराला आग लागली की घाबरू नका म्हणायला काय जातं? पण पुढचं त्यानं नीट सांगितलं. “पडदा अडकलाय, मशीन नाही. खिडक्या वेगळ्या, खालचं मशीन वेगळं. आपल्याला फक्त खिडक्या मिटून पुन्हा उघडायच्यात. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट, तिन्ही एकदम दाबा. एकदाच! निळा पडदा येईल. तो वाचा. मग एंटर. खिडक्या जातील, काळी पाटी येईल. काळी पाटी म्हणजे मेलं नाही, जिवंत आहे. तिथं डब्ल्यू आय एन लिहा, एंटर. खिडक्या परत येतील.”

“आन त्या तीन कळा दुसऱ्यांदा दाबल्या गेल्या तर?”

“तर मशीन पहिल्यापासून सुरू व्हायला जाईल. आणि तुमचं मशीन आता पहिल्यापासून सुरू होणार नाही, बाई. म्हणून सांगतो, दुसऱ्यांदा दाबू नका.”

“साहेब, पण आमची डिलीटची कळ अडकतीया, एकदा दाबली की दोन-चारदा—”

लाईन तुटली. पुन्हा लावला, लागेना. तिसऱ्यांदा लावला, एंगेज.

ती रस्ता ओलांडून परत आली. कळ का अडकत होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. लक्ष्मीपूजनाला कमलबाईंनी कंप्युटरची पूजा केली होती. पूजेला तिची ना नव्हती, टाइपरायटरांचीही व्हायचीच दर वर्षी. पण टाइपरायटरच्या फटीतून हळदीकुंकू खाली पडून जातं. इथं कमलबाईंनी कळांच्या पाटीवर चिमटीनं कुंकू टाकलं, अक्षता टाकल्या आणि वर पळीनं तीर्थ शिंपडलं. कुंकवाचा चिखल डिलीटच्या कळीखाली जाऊन वाळला. दिवाळीपासून ती कळ दाबली की खाली बसायची आणि आपल्याच मनानं धडाधड चालत राहायची. एकदा तर तिनं अख्खी ओळ खाल्ली होती. त्या दिवसापासून रुख्मिणीनं त्या कळीला बोट लावलं नव्हतं.

आणि आता तीच कळ. नेमकी तीच!

“काय म्हणाला?” सरांनी विचारलं. तिनं सांगितलं. सर ऐकता ऐकता पांढरे पडले. “त्या कुंकवानं गोत्यात आणलं की गं आपल्याला. टाचणीनं कोरून काढू का?”

“काढता काढता दबली तर?”

फ्लॉपीचा लाल दिवा पेटलेला होता आणि पेटीतून बारीक कुरकुर यायला लागली होती. तीन दिवसांपूर्वी मशीन उठत नव्हतं तेव्हा असाच आवाज येत होता.

“आसं वाजायलंय कामून गं ते?” कासाबाईनं विचारलं. “माझी शेळी आडली व्हती तवा अशीच दात खात व्हती.”

“माय, तू जरा गप बैस.”

“गपच हाय की. रुक्मे, तुझे हात कापायलेत.”

“तुला कसं कळलं?”

“बांगड्या वाजायल्यात.”

रुख्मिणीनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. कळांच्या पाटीकडं बघत राहिली. एक एक कळ बघितली. डाव्या अंगाला अक्षरं, मधे बाण, बाणांच्या डोक्यावर ती कुंकवाची डिलीट. आणि उजव्या अंगाला आकड्यांचा चौकोन. तिथं ती दिवसभर वयं मारायची, साखरेचे आकडे मारायची. तिथल्या कळा तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या. त्या चौकोनात खाली, शून्याच्या शेजारी, टिंबाची कळ. आणि त्या टिंबाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, डेल.

रोज हजारदा दाबलेली कळ आणि त्यावरची अक्षरं आज वाचली!

“सर, ही बी डिलीटच हाय.”

“नक्की?”

नक्की कोण सांगणार? फोन लागत नव्हता. ही कळ ते काम करत नसली तर काहीच होणार नव्हतं, एवढं तिला वाटत होतं. वाटत होतं, माहीत नव्हतं. तिनं टिंबाची कळ हाताळून बघायचीही हिंमत केली नाही. डाव्या हाताचं बोट कंट्रोलवर ठेवलं, दुसरं आल्टवर. दोन्ही दाबून धरली. उजवा हात न टेकवता टिंबाच्या वर धरला. तिला भीती वाटत होती, साधीसुधी नाही, लहानपणी विहिरीच्या काठावरून आत बघताना वाटायची तसली. आपणच आपल्याला ढकलून देऊ अशी.

“सर, माझ्या हाताला धक्का लागंल असं काही करू नका. शिंकू बी नका.”

सरांनी नाक धरलं.

तिनं टिंब दाबलं आणि तिन्ही कळांवरून हात असे झटकन उचलले की जणू तव्याला लागलेत.

पडदा निळा झाला. नुसता निळा, वर पांढरी इंग्रजी अक्षरं.

“गेलं!” सर ओरडले. “गेलं की बाई! अरे देवा, भगवानरावांना काय सांगू आता—”

“गप ऱ्हावा!” आयुष्यात पहिल्यांदाच ती सरांना असं बोलली. “वाचू द्या मला.”

तिनं बोट काचेवर ठेवून एकेक शब्द वाचला. कार्यक्रम उत्तर देत नाही. परत जायचं तर एस्केप. अडकलेला कार्यक्रम मिटवायचा तर एंटर. त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या तर मशीन पहिल्यापासून. अगदी इंजिनिअर म्हणाला तसंच. तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मग हात पाठीमागं बांधून एकदा उभी राहिली, न जाणो एखादं बोट चुकून कुठं पडेल. शेवटी एकाच बोटानं एंटर दाबलं.

पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात दोन अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. ‘मेलं नाही, जिवंत आहे,’ ती मनात म्हणाली. डब्ल्यू. आय. एन. एंटर.

पेटीतली कुरकुर वाढली. खरखर झाली. थांबली. पुन्हा खरखर झाली. सरांनी डोळे मिटून घेतले होते. कासाबाई कान देऊन ऐकत होती. रुख्मिणीनं आकडे मोजायला सुरुवात केली आणि सदतीसला पडद्यावर रंग आले. खिडक्या आल्या. चित्रं जागच्या जागी, बाण हलता!

“आलं!” सरांनी टाळीच वाजवली. “आलं की हो कासाबाई! तुमच्या लेकीनं आणलं!”

रुख्मिणीला रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता. खराब फ्लॉपी काढून तिनं दुसरी घातली. पेटीतला आवाज काही बरा नव्हता.

सर तिच्या कानाशी वाकले. “वालूर आधी घे,” हळूच म्हणाले. “आईचं नाव आहे तुझ्या. कोण बघतंय? हे किती वेळ टिकेल काय भरवसा?”

तेच तिच्याही मनात आलं होतं, सरांच्या आधी आलं होतं. बाण वालूरवर जाऊनही थांबला होता.

कासाबाईचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले. “ओळ मोडू नगं, रुक्मे,” ती म्हणाली. “मेंढरं वाड्यात घालताना आपली आवडती आधी घातली की मोज चुकतीया. ज्याची जवा पाळी तवा त्यो.”

रुख्मिणीनं बाण वर नेला. दहावं गाव. अकरावं. बारावं. चढत्या दिवसाबरोबर आवाज चढत गेला. पेडगाव झालं तेव्हा दोन वाजले होते. कुणी जेवलं नव्हतं. पस्तीस. अडतीस. चाळिसाव्या गावाला मशीन इतकं हळू झालं की एकेका नावाला वाट बघावी लागली, पण झालं. खूण केली. राहिलं वालूर, तेवीस माणसं.

तिनं वालूरवर बाण नेला, दाबलं. पेटीतून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि एकदम सगळं शांत झालं. पडदा होता, खिडक्या होत्या, पण आत काहीच फिरत नव्हतं. तिनं पुन्हा सगळं केलं, टिंब, निळा, एंटर, काळी पाटी, तीन अक्षरं. या वेळी सदतीसपर्यंत मोजलं, शंभरपर्यंत मोजलं. काळ्या पाटीवर डिस्क सापडत नाही असं लिहून आलं.

“माय, वालूर गेलं,” ती म्हणाली आणि आता मात्र ढसाढसा रडली. “तुला आधी घ्यायला पायजे व्हतं.”

कासाबाईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “कागुद घे. पेन घे. आमी तेवीसजण एकाच टेम्पूत आलोत, एकाच वळीत बसलोत. डॉक्टर ज्याला त्याला मोठ्यानं सांगायलता. मला दिसत नव्हतं म्हणून मी ऐकत व्हते. लिही. माणिकराव, उजवा. नर्मदाबाई, डावा, साखर न्हाई. व्यंकटरावाला साखर, पुढच्या साली म्हणले. बिरू, उजवा, पण दम लागतोय म्हणून आदी छाती बघायची…”

रुख्मिणी लिहीत गेली. सर तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. एकाच्या बाबतीत कासाबाई अडली, “दिनकररावाचं मला ठाव न्हाई, तवा टेम्पूवाला भांडायलता. दिनकररावालाच इचारून घे.” बाकी कुठं अडली नाही. बावीस झाले.

“आता तुझं,” रुख्मिणी डोळे पुसून हसली. तिनं लिहिलं, कासाबाई, डावा.

“काय लिवलंस?”

“डावा.”

“खोड ते. साखर लिही.”

पेन थांबलं.

“साखर लय हाय म्हणले. यंदा न्हाई कापायचा, मरशील म्हणले. तू फिकीर करशील म्हणून तुला दुसरंच सांगितलं. आज चिठ्ठीला आले ती बी त्यापायीच. वाटलं, चिठ्ठी न्हाई मिळाली की कळंल तुला आपसूक.”

रुख्मिणीनं दाराकडं बघितलं, सरांकडं बघितलं. सर टाइपरायटरची धूळ पुसायला लागले होते. “माय,” ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “आता कुणालाच ठाव न्हाई. फॉर्म न्हाईत, मशीन न्हाई. मी डावा म्हणून ठिवते. साखरेची गोळी देतील, सुई देतील, काहीतरी करतील तिथं. पुन्हा पदर पेटला तर काय करशील गं?”

“आन माझं लबाड निघालं, तर ह्या बावीस जणांचं खरं कोण मानंल? सगळं मपल्याच तोंडानं सांगितलंय न्हवं?”

रुख्मिणीनं ‘डावा’ खोडलं आणि त्यापुढं ‘साखर’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

“मशीन बंद केलं का?” कासाबाईनं विचारलं.

तीन दिवसांनी रुख्मिणीनं ते मोठं बटण दाबलं. पंख्याचा आवाज थांबला.

“केलं, माय.”

“मग मला पाचच्या गाडीत बशिव. शेरडं दावणीला हायेत.”

रुख्मिणीनं तिच्या हातात काठी दिली आणि दुसरा हात, तो चट्ट्याचा, आपल्या हातात धरला.